रात्र कापायची की नाही

कुडाळजवळच्या आमच्या गावातून चुलतभावाचा मेसेज आला: "जत्रेचो दशावतार अडीच तासांचो करूक व्हयो. रातभर कोण बसतलो?" लगेच ग्रुपवर दोन तट. एकांच्या मते परंपरा बुडाली. दुसरे विचारतात, बघायला माणूसच नसेल तर परंपरा कुणासाठी?

मी जावातल्या सोलो शहरात राहतो. इथला वायांग कुलित, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटे संपतो. 'पाथेत', म्हणजे स्वरांची चौकट, रात्रीबरोबर बदलतो: आधी नेम, मध्यरात्रीनंतर सांगा, तीनच्या पुढे मान्युरा. पण अख्खी रात्र मिळाली म्हणून सगळं शुद्ध राहतं, असं मुळीच नाही. मध्यरात्रीच्या 'गोरो-गोरो' या विनोदी प्रवेशात विदूषक सेमार आणि त्याची पोरं येतात, मग फर्माईशी, कीबोर्ड, विनोदवीर! जाणकार इथेही कुरकुरतात. उलट आटोपशीर 'वायांग पादात' इथल्याच कला अकादमीत घडला.

मला गुंतवतं ते वेगळंच. दालांग, म्हणजे बाहुल्या खेळवणारा, पाठीमागच्या वादकांकडे मान वळवूनही बघत नाही. डाव्या हाताशी बाहुल्यांची पेटी. तिच्यावर लाकडी ठोकळ्याने टक-टक केलं की केंदांगवाला, म्हणजे ढोलकीवाला, समजतो आणि अख्खा ताफा वळतो. चालणं-बोलणं असेल तर अयाक-अयाकन ही धून, गडबड वाढली की स्रेपेगान, हाणामारीला साम्पाक. जसजसा वेग चढतो, तसतसे टांगलेल्या गाँगचे ठोके कमी-कमी अंतराने पडू लागतात. आपल्या तीनतालात सोळा मात्रा म्हणजे सोळाच. स्रेपेगानात मोठा गाँग कधी लवकर येतो, कधी उशिरा. राक्षस मध्येच आडवा झाला, तर पेटीवर ठोका पडतो आणि वाजवणं तिथल्या तिथे आवरतं.

आपला मृदंगवाला तरी दुसरं काय करतो? लिखित संहिता नाही, नट कुठे वळेल ठाऊक नाही, नजर सतत त्याच्या पायांवर. म्हणून मागच्या वर्षीच्या एका व्हिडिओत पेन ड्राइव्हवरच्या ट्रॅकवर दशावतारातला संकासुर नाचताना पाहिला, तेव्हा पोटात कालवलं. बिचारा गाण्यामागे धावत होता.

भावाला एवढंच विचारलं, "मृदंगाक कोण आसा?"

"म्हातारोच. सोबत त्याचो नातू."

"मग करा अडीच तासांचो."