जखम भरली, पण त्रास संपत नाही
भाजलेल्या रुग्णांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, जखम भरली की रुग्ण बरा. एवढं सोपं नसतं हो. आमच्या वहिनींची मान आणि हात स्टोव्हच्या भडक्यात भाजले, आणि खरा त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर. खोल भाजलेल्या जागी घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत, त्वचारोपण केलं तरी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२च्या पुढे जातो तेव्हा याचा अर्थ कळतो: तेवढा भाग कोरडाठण्ण, बाकी अंगातून घामाच्या धारा. आणि खाज! रात्र रात्र झोप नाही.
व्रण निवळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर तो लाल, जाड आणि कातडी आत ओढणारा. म्हणून ते घट्ट प्रेशर गारमेंट, म्हणजे व्रणावर दाब देणारे कपडे, दिवसाचे २३ तास घालायला सांगतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात घालून बघा म्हणावं! व्यायाम मात्र अजिबात सोडू नये, सांधा आखडला की पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.
शेजारपाजारचे अजून टूथपेस्ट लावायला सांगतात. भाजल्या भाजल्या नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फ नको. लेखात याची एक ओळ तरी हवी होती.