एकट्यासाठी घरी शिजवणे परवडत नाही? हिशेब पुन्हा मांडून पाहू

एकट्या माणसाने, त्यातही नवशिक्याने, घरी स्वयंपाक करणे म्हणजे पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे, असे सांगणारा एक हिशेब या ना त्या रूपात सतत पुढे पाठवला जातो. त्याची मांडणी साधारण अशी असते: एका पदार्थासाठी दहा-बारा जिन्नस आणावे लागतात आणि त्यांतले निम्मे वाया जातात, भांडी आणि इंधन यांचा खर्च कोणी धरतच नाही, स्वयंपाकात गेलेल्या तासाला पगाराचा दर लावला तर विकतचे जेवण स्वस्त ठरते, आणि हाताला चव येईपर्यंत वर्षे जातात, तोवर कच्चेपक्के, शिळेपाके खाऊन पोट बिघडवून घेण्यापेक्षा बाहेरचे बरे. यातला कोणताच मुद्दा पूर्णपणे निराधार नाही आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. परंतु पहिल्या आठवड्याचा खर्च कायमचा आहे असे गृहीत धरल्याखेरीज यातले एकही गणित जुळत नाही.

जिन्नसांच्या मुद्द्यात ही ग्यानबाची मेख सर्वांत स्पष्ट दिसते. तांदळाची, डाळीची, तेलाची आणि मसाल्यांची संपूर्ण किंमत एकाच जेवणाच्या नावावर मांडली जाते आणि शेजारी बाहेरच्या एका ताटाची किंमत ठेवली जाते. ही तुलनाच चुकीची आहे, कारण कोरडे धान्य आणि डाळी नीट झाकून ठेवल्यास कित्येक महिने टिकतात, आणि शिजल्यावर तांदळाचे वजन सुमारे अडीच ते तीन पट, तर मसुरीचे दोन ते अडीच पट होते. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरीत साधारण 24 ग्रॅम प्रथिने असतात आणि एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे निकस’ हा या दाव्याबरोबर येणारा उपमुद्दाही फारसा टिकत नाही. विकणारा घाऊक भावाने घेतो, हे खरे आहे. मात्र उपाहारगृहाच्या व्यवसायात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या सुमारे एक तृतीयांश असावा, असा ढोबळ नियमच पाळला जातो. उरलेल्या रकमेत जागेचे भाडे, पगार, इंधन आणि नफा असतो. घाऊक खरेदीतली बचत एवढे सगळे भरून काढून ग्राहकापर्यंत पोहोचते, असे मानायला फारच भाबडेपणा लागतो.

वाया जाण्याची तक्रार मात्र खरी आहे, फक्त तिचे कारण दुसरे आहे. नवशिका आधी पदार्थ ठरवतो आणि मग त्याची यादी घेऊन बाजारात जातो. मग कोथिंबिरीची जुडी दोन काड्यांपुरती वापरली जाते आणि एखादी खास चटणी बाटलीच्या तळाशी वाळून जाते. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे एकमेकांच्या पदार्थांत सहज शिरणारे सात-आठ जिन्नस आधी ठरवून त्यांतून जेवणे काढल्यास, हा प्रश्न बहुतांशी सुटतो. तांदूळ, मसूर, अंडी, बटाटे, कांदे, कोबी आणि गाजर एवढ्यांतून आठवडाभराची साधी जेवणे होतात. कोबी आणि गाजर फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज टिकतात, पालेभाजी दोन-चार दिवसांत मान टाकते. म्हणून एकट्या माणसाने पालेभाजी आणलीच तर ती आठवड्याच्या सुरुवातीला संपवावी. बटाटे आणि कांदे अंधाऱ्या, हवेशीर जागी, परंतु एकमेकांपासून दूर ठेवावेत.

भांड्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. जाड बुडाचे झाकणासह एक पातेले, एक तवा किंवा कढई, एक धारदार सुरी, भाजी चिरायचा एक पाट आणि एक डाव पुरेसा आहे. यापलीकडची खरेदी गरजेपेक्षा उत्साहाचीच असते.

इंधनाचा मुद्दा अधिक रंजक आहे, कारण ते खरोखर वाया जाते आणि ते नवशिक्याच्याच हातून जाते. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सियसला उकळते आणि एकदा उकळी आली की आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातले तापमान त्यापुढे जात नाही, फक्त वाफ अधिक वेगाने उडते. एक लिटर पाणी 20 अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढेच पाणी वाफ करून उडवायला सुमारे 2260 किलोज्यूल, म्हणजे सहापटींहून अधिक. तेव्हा उकळी आल्यावर आच मंद करून झाकण ठेवणाऱ्याचा आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर खळखळ उकळवणाऱ्याचा इंधनखर्च एकसारखा धरणे हा हिशेब नव्हेच. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे उत्कलनबिंदू सुमारे 120 अंशांपर्यंत चढतो आणि डाळी व कडधान्ये बऱ्याच कमी वेळात शिजतात. तो असल्यास उत्तम, परंतु त्यावाचून काही अडत नाही.

वेळेचा युक्तिवाद सर्वांत शास्त्रीय भासतो आणि सर्वांत पोकळ आहे. एखाद्या तासाला पगाराचा दर तेव्हाच लावता येतो, जेव्हा तो तास खरोखर विकला गेला असता. रात्री साडेआठचा जो तास अन्यथा मोबाइल चाळण्यात गेला असता, त्याचे वेतन कोणीही देत नव्हते. शिवाय बाहेरचे जेवण निवडणे, मागवणे आणि त्याची वाट पाहणे याचा वेळ या हिशेबात शून्य धरला जातो. स्वयंपाकाच्या बाजूने मात्र संपूर्ण वेळ मोजला जातो, मग त्यातला माणूस ओट्यापाशी उभा असो वा नसो. मसूर मंद आचेवर शिजायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, पण त्यांतली जेमतेम पाच मिनिटे लक्ष द्यावे लागते. दोन वेळांचे एकदम शिजवले तर दुसऱ्या जेवणाचा वेळ केवळ गरम करण्यापुरता उरतो.

येथे दोन गोष्टी दाव्याच्या बाजूने मान्य केल्या पाहिजेत. ज्यांना दोन ठिकाणी काम करावे लागते, ज्यांच्या पाळ्या सतत बदलतात किंवा ज्यांच्या खोलीत शेगडीच नाही, त्यांच्या बाबतीत हा दावा खरा ठरू शकतो आणि त्यांना काटकसरीचे धडे देणे अन्यायाचे आहे. दुसरे असे की पाककृतींत दिलेल्या वेळा अनेकदा खोट्या असतात. कांदा खोल तपकिरी आणि गोडसर होईपर्यंत परतायला मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि पाककृती बिनदिक्कत ‘दहा मिनिटे’ लिहितात. मग नवशिका स्वतःलाच दोष देतो.

चवीसाठी जन्मजात हात लागतो, हा समज प्रामाणिक असला तरी चुकीचा आहे. शिकायच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि त्यांना कारणे आहेत. भाजल्याचा खमंगपणा ज्या अभिक्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी 1912 साली केले. ती साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे ओल्या भाज्या कढईत खच्चून भरल्या की त्या परतल्या न जाता वाफवल्या जातात, आणि ‘माझ्या हाताला चव नाही’ असा निष्कर्ष निघतो, खरे तर भाजी कोरडी करून दोन भागांत परतणे एवढाच उपाय असतो. टोमॅटो किंवा लिंबू आधी घातल्यास आम्लामुळे डाळी मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून आंबट पदार्थ शेवटी घालावा. मीठ थोडे थोडे घालून चाखावे. जास्त झालेच तर पाणी आणि मीठ नसलेला जिन्नस वाढवावा. बटाटा टाकला की तो मीठ शोषून घेतो, ही लाडकी समजूत बटाट्यावर अकारण भरवसा टाकणारी आहे, कारण तो खारट पाणी शोषतो, उरलेल्या पाण्याचा खारटपणा तेवढाच राहतो.

आजारी पडण्याच्या भीतीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. शिजवलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहू शकतात, भात तासन्‌तास बाहेर राहिल्यास ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून उरलेले अन्न उथळ भांड्यात पसरून लवकर निववावे, दोन तासांच्या आत 5 अंशांखालील फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत, वाफा येईपर्यंत आतून गरम करून संपवावे. राजम्यातील नैसर्गिक विषारी घटक भिजवून, ते पाणी टाकून आणि नव्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळ उकळल्यानेच निष्प्रभ होतो. कमी तापमानावर दिवसभर ठेवल्याने होत नाही. मसुरीला हे काहीच सोपस्कार लागत नाहीत, तेव्हा पहिल्या महिन्यात राजम्याला हात न लावता मसुरीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन.