प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या बंद शाळा : त्या मेसेजला उत्तर

‘अमेरिकेने साठ वर्षांपूर्वीच करून दाखवलं’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो दादाने पाठवला. दादा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. शाळेचा पट विसाच्या आत आलाय, आणि समितीतल्याच एकाचं म्हणणं असं की हा मेसेज ग्रामसभेत वाचून दाखवू, लोकांना पटेल. मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंडला राहते. मेसेजमधली ती प्रिन्स एडवर्ड काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) इथून गाडीने सव्वा तासावर आहे. तिथे जे घडलं ते इतकं उलटं करून सांगितलेलं वाचून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा : व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड या ग्रामीण काउंटीने १९५९ साली कराचा बोजा झेपेना म्हणून सरकारी शाळा बंद केल्या. पालकांच्या हातात पैसे दिले. मुलं खाजगी शाळांत गेली, कुणाचंच नुकसान झालं नाही. कृष्णवर्णीयांनाही शाळा देऊ केल्या होत्या, त्यांनीच नाकारल्या. पुढे बाहेरच्या वकिलांनी भांडण लावलं आणि १९६४ साली कोर्टाने हा चांगला प्रयोग मोडला. ती खाजगी शाळा आजही छान चालते, तेव्हा आपणही सरकारी शाळा बंद करून पालकांना व्हाउचर, म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे, द्यावेत.

व्हाउचर बरं की वाईट, यावर वाद जरूर घाला. पण त्यासाठी प्रिन्स एडवर्डचं नाव घ्यायचं असेल तर आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २५ मे १९६४ चा निकाल वाचा. ‘ग्रिफिन विरुद्ध प्रिन्स एडवर्ड काउंटी स्कूल बोर्ड’ या नावाने तो इंटरनेटवर सहज मिळतो आणि फार लांबही नाही. लिहिलाय न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. हे गृहस्थ अलाबामातल्या एका ग्रामीण काउंटीत जन्मलेले, दक्षिणेतलेच, आणि १९२०च्या दशकात काही काळ खुद्द कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या संघटनेचे सभासद होते. उत्तरेकडच्या कुणा शहरी माणसाने दक्षिणेवर आकसाने लिहिलं, असं म्हणायला इथे जागाच नाही.

आधी कराचा मुद्दा, कारण तो दोन वाक्यांत संपतो. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाने १९५९-६० या वर्षासाठी शाळेचा कर बसवायला नकार दिला, तेव्हा त्याचं कारण मंडळाने स्वतःच सांगितलं होतं आणि ते निकालात उद्धृत केलेलं आहे : गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वंश-वर्ण न पाहता काउंटीतल्या सगळ्या शाळांत प्रवेश द्या, असा न्यायालयाचा हुकूम आपल्यासमोर आहे. त्यात परवडत नाही असा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ‘ब्राउन’ निकालाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, पाच वर्षं टाळाटाळ झाली, शेवटी सप्टेंबर १९५९ पासून एकत्र शाळा भरवा असा आदेश आला, आणि मंडळाने एकत्र बसवण्यापेक्षा सगळ्याच शाळांना कुलूप लावलं. त्याच मंडळाने पुढच्या वर्षी खाजगी शाळांतल्या मुलांना काउंटीच्या तिजोरीतून प्रत्येकी १०० डॉलर दिले, आणि खाजगी शाळेला देणगी देणाऱ्यांना मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. तिजोरी रिकामी असती तर हे पैसे कुठून आले असते?

आता ज्या वाक्याने माझा संताप झाला, ते : ‘मुलं खाजगी शाळांत गेली, कुणाचंच नुकसान झालं नाही.’

कुठली मुलं? १९५९ साली ‘प्रिन्स एडवर्ड अकॅडमी’ उघडली ती फक्त गोऱ्या मुलांसाठी. पहिल्या वर्षी चर्चमध्ये, मिळेल त्या सभागृहात वर्ग भरले, आणि ते वर्ष पूर्णपणे देणग्यांवर चाललं. म्हणजे पालकांच्या हातात पैसे देऊन शाळा बंद केल्या हेही खरं नाही. शाळा आधी बंद झाल्या, पैसे वर्षभराने आले. राज्याचं आणि काउंटीचं मिळून प्राथमिकच्या मुलाला २२५ आणि हायस्कूलच्या मुलाला २५० डॉलर. पण ते मिळणार कुणाला? जो खाजगी शाळेत जातो त्याला. काउंटीत कृष्णवर्णीय मुलाला घेणारी खाजगी शाळा नव्हती. कागदावर ते अनुदान सर्वांसाठी होतं, प्रत्यक्षात एका रंगाच्या मुलांसाठी. १९६१ साली फेडरल (केंद्रीय) न्यायालयाने सरकारी शाळा बंद असेपर्यंत ही काउंटीची मदत थांबवली. मेसेजमध्ये ज्याचं कौतुक आहे ते व्हाउचर हे असं होतं.

सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. ती एका वर्षात परत गेली नाहीत. १९५९ च्या सप्टेंबरपासून १९६३ च्या सप्टेंबरपर्यंत, सलग चार वर्षं, त्यांच्यासाठी काउंटीत शाळा नव्हती. पहिलीत जायचं मूल दहा वर्षांचं झालं तरी शाळेच्या बाकावर बसलं नव्हतं. आठवीतून नववीत जायचा मुलगा अठरापर्यंत पोचला, आणि अठराव्या वर्षी नववीच्या बाकावर कोण परत बसतं? ज्यांची नातलगांकडे सोय होती त्यांनी मुलं शेजारच्या काउंटीत नाहीतर दुसऱ्या राज्यात धाडली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका सेवा संस्थेने काही मुलांना दुसऱ्या राज्यांतल्या कुटुंबांत ठेवून शिकवलं. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतली काही मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली. तिथले कृष्णवर्णीय धर्मगुरू रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या पुढाकाराने चर्चच्या तळघरांत केंद्रं चालली, पण ती शाळा नव्हेत, हे चालवणारेच सांगत. बाकीची मुलं तंबाखूच्या शेतात आईबापांबरोबर राबली किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत बसली. ऐपत नसलेल्या काही गोऱ्या कुटुंबांचीही मुलं सुटली, त्यांचं नावही मेसेजमध्ये नाही.

१९६३ साली केनेडी सरकारच्या खटपटीने, खाजगी देणग्यांवर, एका वर्षापुरत्या ‘फ्री स्कूल्स’ उघडल्या. नील सलिव्हन हे अधीक्षक बाहेरून आले, देशभरातून शिक्षक गोळा केले. दीड हजारांहून अधिक मुलं आली, त्यांत गोरी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वयाने मोठी झालेली, पण अक्षरओळखही नसलेली मुलं पाहून शिक्षकांनी इयत्ताच मोडून टाकल्या आणि ज्याला जिथपर्यंत येतं तिथून शिकवायला घेतलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रॉबर्ट केनेडी जाहीर भाषणात म्हणाले होते की मोफत सार्वजनिक शिक्षण न देणाऱ्या जगातल्या मोजक्या जागा म्हणजे कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी. देशाच्या अॅटर्नी जनरलने आपल्याच एका काउंटीबद्दल हे बोलावं लागलं.

दादाच्या समितीतल्या त्या सभासदाला मला एवढंच विचारायचंय : आपल्या गावातली पोरं चार वर्षं घरी बसली, तर ‘कुणाचंच नुकसान झालं नाही’ असं तुम्ही त्यांच्या आईसमोर म्हणाल का?

‘त्यांनाही शाळा देऊ केल्या होत्या’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. काउंटीतल्या गोऱ्या मंडळींनी कृष्णवर्णीय मुलांसाठीही वेगळ्या खाजगी शाळा काढायची तयारी दाखवली होती आणि ती नाकारली गेली. निकालातही याची नोंद आहे. पण त्याच वाक्यात कारणही आहे : त्यांना एकत्र सरकारी शाळांसाठीची न्यायालयीन लढाई चालू ठेवायची होती. त्या शाळा स्वीकारल्या असत्या तर वेगळेपण आपणच पसंत केलं, असं त्यांच्याच तोंडून वदवून घेतल्यासारखं झालं असतं, आणि आधीची सगळी वर्षं पाण्यात. आपल्या मुलांची वर्षं जाताना बघत हा निर्णय टिकवणं किती जड गेलं असेल! तो त्यांच्यावर ठपका म्हणून ठेवणं मला अमानुष वाटतं. दार कुणी बंद केलं ते सोडून, खिडकीतून का आला नाहीत म्हणून विचारायचं?

‘बाहेरच्या वकिलांनी भांडण लावलं’ हे धडधडीत खोटं आहे. भांडण लावलं सोळा वर्षांच्या एका मुलीने, आणि ती तिथलीच होती. काउंटीतल्या फार्मव्हिल गावातलं, कृष्णवर्णीय मुलांचं मोटन हायस्कूल १९३९ साली १८० मुलांसाठी बांधलेलं. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं होती. जादा मुलांसाठी आवारात डांबरी कागद ठोकलेल्या खोल्या उभ्या केल्या होत्या. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, जेवायला जागा नाही. २३ एप्रिल १९५१ ला त्या मुलीने, बार्बरा जॉन्सने, मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर पाठवलं, सगळ्या शाळेला सभागृहात बोलावलं आणि संप जाहीर केला. दोन आठवडे मुलं वर्गात गेली नाहीत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे रिचमंडचे वकील आले ते मुलांनी बोलावल्यावर, आणि आले तेही मुलांना परत वर्गात जा म्हणून समजवायच्या विचाराने. मुलांचा निर्धार पाहून त्यांनी खटला घेतला, तोही नुसत्या नव्या इमारतीसाठी नव्हे, वेगळेपणाविरुद्धच लढायचं असेल तर, या अटीवर. तोच ‘डेव्हिस’ खटला पुढे ब्राउन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक झाला. त्या पाचांत विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकटाच. बार्बराच्या आईवडिलांनी जिवाच्या भीतीने तिला काकांकडे, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला, पाठवून दिलं. बाहेरच्यांनी भांडण लावलं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

हो, १९५३ मध्ये काउंटीने कृष्णवर्णीय मुलांसाठी नवं हायस्कूल बांधलं, हेही खरं. पण ते संप आणि खटल्यानंतर, वेगळेपण टिकवायच्या धडपडीत. आणि सहाच वर्षांत त्यालाही कुलूप लागलं.

राहिला शेवटचा मुद्दा : प्रयोग चांगला होता, कोर्टाने मोडला. निकालात साफ म्हटलंय की सरकारी शाळा बंद करायला एखाद्या काउंटीकडे वंशाशी संबंध नसलेली कारणं असतीलही, पण वंश आणि एकत्रीकरणाला विरोध ही कारणं घटनेत बसत नाहीत. कर लावून शाळा उघडायला भाग पाडता येईल, इथपर्यंत न्यायालय गेलं. १९६४ च्या सप्टेंबरात सरकारी शाळा पुन्हा सुरू झाल्या, आणि बहुतेक गोरी मुलं तरीही अकॅडमीतच राहिली. ती अकॅडमी आज वेगळ्या नावाने चालते आणि सगळ्यांना प्रवेश देते, हे चांगलंच आहे. तिच्या आजच्या अवस्थेवरून १९५९ चा निर्णय बरोबर ठरत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला खरंच यश मोजायचं असेल तर व्हर्जिनियानेच ते मोजलंय. २००३ साली राज्याच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल तीव्र खेद व्यक्त करणारा ठराव केला. त्याच वर्षी, ज्यांचं हायस्कूल राहून गेलं होतं अशा, तोवर पन्नाशी-साठीत पोचलेल्या लोकांना सन्मानाच्या पदविका दिल्या. २००४ मध्ये त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, तुटलेलं शिक्षण पुढे नेता यावं म्हणून. मोटन हायस्कूलची जुनी इमारत आता संग्रहालय आहे. आणि वॉशिंग्टनच्या संसद भवनात व्हर्जिनियाच्या वतीने उभा असलेला जनरल ली (यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती) यांचा पुतळा डिसेंबर २०२० मध्ये काढला गेला, तेव्हा त्या जागेसाठी राज्याने ज्या व्यक्तीची निवड केली ती बार्बरा जॉन्स.