ट्रोम्सोत डिसेंबरला चोवीस तास काळोख? तसं नाहीये
'डिसेंबरात नॉर्वेतल्या ट्रोम्सोला चोवीस तास मिट्ट काळोख, आठवडा हॉटेलातच जातो' असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही हे बरोबर, पण दुपारच्या आसपास काही तास निळसर-गुलाबी संधिप्रकाश असतो, त्यात आरामात फिरता येतं आणि फोटो तर भारीच येतात. दुपारीही खरा काळोख हवा असेल (कोणाला हवा असतो देव जाणे) तर स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेचीच बेटं, 78 अंश उत्तरेला. आणि 'सात दिवसांत अरोरा (रात्रीच्या आकाशातले रंगीत ध्रुवीय प्रकाश) गॅरंटीड' हेही सोडा, ढग आले की संपलं, म्हणून तर टूरवाले मोकळं आकाश शोधत गाडी फिनलंडच्या बाजूला आत नेतात. अरोराची टूर शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, पहिल्या-दुसऱ्यालाच करा.