ताप उतरला तरी नाडी बघा

कोविडमधून बरं होण्यावरच्या एका लेखात ‘कोविडनंतरची धडधड म्हणजे अशक्तपणा’ एवढ्यावर भागवलंय, ते पुरेसं नाही. या विषाणूने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, गुठळ्या होऊ लागतात, क्वचित हृदयाचा स्नायूच सुजतो. म्हणून हार्ट अटॅकचा धोका ताप गेल्यावरही काही आठवडे वाढलेला राहतो.

घरी एवढं करा: 10 मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून 10 मिनिटं, दर दोन मिनिटांनी. ऑक्सिमीटर चालतो, बोटाला नेलपॉलिश नको. उभं राहिल्यावर मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 30 किंवा जास्त ठोक्यांनी चढून तशीच राहिली तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात घामाने पाणी कमी झालं तरी ती अशीच चढते, तेव्हा आधी भरपूर पाणी प्या. चक्कर आली तर लगेच आडवे व्हा.

ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज नाही, असं नसतं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतात. सूज निघाली तर फुटबॉल, जिम, मिरामारच्या किनाऱ्यावर पळणं 3 ते 6 महिने बंद, डॉक्टर सांगेपर्यंत. आणि छातीत दाब, दरदरून घाम असेल तर कृपा करून गॅसची गोळी घेऊन थांबू नका, 108 लावा.