एका कपावर ऑफिस कसे थाटावे

आपण नुकतीच नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केले असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. आता डोक्यावर साहेब नाही, हजेरी नाही आणि महिनाअखेरीस पगारही नाही. तेव्हा जागेचे भाडे, वीज आणि इंटरनेट यांचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर टाकणे क्रमप्राप्त आहे. तो खांदा कॉफी शॉपच्या मालकाचा असावा, हे आपल्या व्यवसायबंधूंनी केव्हाच ठरवून टाकले आहे. मालकाला तेवढे विचारायचे राहून गेले. मीही याच धंद्यातला असल्यामुळे नवोदितांच्या उपयोगी पडतील अशा काही सूचना करतो.

जागा निवडताना संकोच करू नये. एकट्या माणसाला चार खुर्च्यांचे टेबल लागतेच, कारण एका खुर्चीवर आपण बसतो, दुसरीवर बॅग, तिसरीवर जॅकेट, आणि चौथी तिथे कोणी बसू नये म्हणून लागते. प्लग दूर असल्यास चार्जरची वायर वाटेवरून आडवी न्यावी. भरलेला ट्रे घेऊन येणाऱ्या मुलाला ती ओलांडण्याची सवय दोन-तीन ठेचांनंतर आपोआप लागते.

ऑर्डर सर्वांत लहान द्यावी आणि ती संपवू नये. तळाशी दोन घोट शिल्लक आहेत तोवर आपल्याला कोणी उठवू शकत नाही, असा एक दृढ समज आपल्यात आहे. कॉफी गार झाली, तिच्यावर पापुद्रा धरला, कपाच्या आतल्या बाजूला तपकिरी वळ सुकले, तरी कप सोडू नये. वेटर तो उचलायला आला, की पडद्यावरची नजर न काढता कपावर तळहात ठेवावा.

वायफायचा पासवर्ड मात्र ऑर्डरच्या आधी मागावा.

प्रिंटर बरोबर नेण्याचा मोह तूर्त आवरलेला बरा. दक्षिण कोरियातील काही पुढारलेल्या मंडळींनी डेस्कटॉप, प्रिंटर आणि टेबलाभोवती उभे करायचे आडोसेसुद्धा नेऊन पाहिले. परिणामी २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या कॉफी शॉपच्या एका मोठ्या साखळीने या सगळ्या सामानाला मनाई केली. त्या मंडळींनी जरा घाई केली, इतकेच.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे कॉलकडे वळू. कॉल कसा घ्यावा याचे सर्वांगसुंदर प्रात्यक्षिक मला गेल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर पाहायला मिळाले. त्या गृहस्थांनी सुरुवातीलाच "माझा आवाज येतोय ना?" असे विचारले. येत होता. काउंटरमागे दूध तापवणाऱ्या मुलीपर्यंत येत होता. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि या प्रकाराला लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखतात. पण लोंबार्डसाहेबांचा नियम असा, की गोंगाट थांबला म्हणजे आवाज उतरतो. इथे कॉफी दळण्याचे यंत्र सुरू झाले की आवाज चढे आणि यंत्र बंद पडले तरी तिथेच राही. पुढे हेडफोनची बॅटरी संपली, आणि त्यांनी पलीकडच्या माणसालाही स्पीकरवरून आमच्यात आणून बसवले. त्यानंतर आम्हा सगळ्यांना क्लायंटचे दर कळले, तिसऱ्या ड्राफ्टमध्ये काय फिसकटले ते कळले, आधीच्या डिझायनरचे पैसे का अडकवून ठेवले आहेत तेही कळले, आणि हा सगळा मजकूर गोपनीयतेच्या करारात येत असल्यामुळे बाहेर जाता कामा नये, हेसुद्धा त्यांनी खणखणीत आवाजात बजावले. क्लायंटने मध्येच "कुठे आहात?" असे विचारले. "ऑफिसमध्ये." आजूबाजूचा आवाज कापून टाकणारी सोय हल्ली अशा कॉलमध्ये असते, त्यामुळे क्लायंटला ते पटले असावे. आम्ही स्वतःच आजूबाजूचा आवाज असल्यामुळे ती सोय आम्हाला नव्हती. याच दरम्यान एक वयस्कर गृहस्थ हातात कप घेऊन जागा शोधत त्यांच्या टेबलाशी येऊन थांबले. यांनी त्यांच्याकडे पाहिले, ओळखीचे असावेत तसे हसले, आणि खुर्चीवरची बॅग पडू नये म्हणून नीट सारखी केली. ते गृहस्थ उभ्याने कॉफी प्यायले. हा मनुष्य त्यांच्यासमोर बसून "युजर फर्स्ट", म्हणजे आधी वापरणाऱ्याची सोय, या विषयावर बोलत राहिला.

यावर कोणी हरकत घेतलीच, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन पुढे करावे. सुमारे ७० डेसिबलच्या गजबजाटात माणसाला शांततेपेक्षा अधिक कल्पक विचार सुचतात, असे त्यात आढळले होते. आवाज ८५ डेसिबलवर गेला की फायदा उरत नाही, हा त्यातला पुढचा भाग वगळावा, कारण तो भाग म्हणजे आपण.

इतिहासाचा दाखलाही देता येतो. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाउसमध्ये जहाजांचे मालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमत, आणि त्यातूनच लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. त्या मंडळींचा पसारा वाढल्यावर १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड वर्गणी काढली आणि १७७४ मध्ये रॉयल एक्स्चेंज या व्यापाऱ्यांच्या इमारतीत स्वतंत्र जागा घेतली. वर्गणी काढली, हे लक्षात घ्या. कोणाच्या तरी टेबलावर एका कपाच्या जोरावर पन्नास वर्षे ठाण मांडून वर "वायफाय जरा स्लो आहे" असा एका ताऱ्याचा शेरा देऊन ते निघून गेले नाहीत.

तुम्हाला खरेच असे वाटते का, की त्या दुकानाचे भाडे कोणी भरत नाही? दुपारच्या गर्दीत तुम्ही अडवलेल्या टेबलावर तीन-चार वेळा माणसे बसून खाऊन-पिऊन उठली असती, आणि त्यावरच त्या वायरला ठेचकाळणाऱ्या मुलाचा पगार निघतो. एखादा क्लायंट "पाच मिनिटांचं तर काम आहे, तेवढं असंच करून द्या" म्हणाला, की तुमच्या अंगाचा तिळपापड होतो. आपल्या वेळेची कोणाला किंमत नाही म्हणून तुम्ही चारचौघांत गळे काढता, इन्व्हॉइसमध्ये अर्धा-अर्धा तास मोजून लावता. आणि दुसऱ्याचे टेबल, वीज आणि अख्खा दिवस मात्र फुकट घेता. तुमचे पैसे बुडवणाऱ्या क्लायंटमध्ये आणि तुमच्यात मला तरी काही फरक दिसत नाही.

एकटे असाल तर लहान टेबलावर बसा. बॅग खाली ठेवा. तास-दीड तासाने काहीतरी मागवा आणि माणसे ताटकळताना दिसली तर उठा. दिवसभर बसायचे असेल तर को-वर्किंगमध्ये, म्हणजे कामासाठी टेबल भाड्याने मिळते तिथे, पैसे भरा, वाचनालयात जा, नाहीतर घरी काम करा. कॉल आला तर बाहेर जाऊन घ्या, मग पाऊस असो की ऊन. तो तुमचा कॉल आहे, आमचा नाही.