आकार टिकतो का, ते सांगा

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम उत्प्रेरक म्हणून, म्हणजे क्रियेचा वेग वाढवायला, लागतं. त्यात निकेल मिसळलं की सेल स्वस्त होईल, असं तुमच्या फ्युएल सेलवरच्या लेखात म्हटलंय. पण नुसतं मिसळून भागत नाही, अणू पृष्ठभागावर कसे बसतात ते महत्त्वाचं. २००७ साली अमेरिकेत स्टामेन्कोविच आणि मार्कोविच यांच्या गटाने तीनास एक प्रमाणातल्या प्लॅटिनम-निकेल स्फटिकाचा १११ पृष्ठ (ठरावीक अणुमांडणीचा एक पृष्ठ) तपासला. ऑक्सिजनच्या क्षपणात, म्हणजे सेलमध्ये ऑक्सिजनचं पाणी होण्याच्या क्रियेत, तो शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा १० पट सक्रिय निघाला! अष्टफलकाच्या आठही बाजू याच १११ जातीच्या, म्हणून सगळे संशोधक अष्टफलकी नॅनोकणांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) मागे लागले.

लेखात राहून गेलेली गोष्ट टिकाऊपणाची. सेलमधलं वातावरण आम्लधर्मी, त्यात निकेल विरघळतं. बर्लिनच्या श्ट्रासर यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की अशा कणांत निकेल बाजूंच्या मध्यभागी साठलेलं असतं. ते गेलं की बाजू आत खचतात, प्लॅटिनमच्या कडा तेवढ्या उरतात. म्हणजे ज्या पृष्ठासाठी एवढा खटाटोप, तोच आधी जातो. २०१५ मध्ये पृष्ठभागावर मॉलिब्डेनम हा धातू किंचित घालून हे कण बरेच टिकाऊ झाले, त्याबद्दल सविस्तर वाचायला फार आवडेल. टोयोटाच्या मिराई या फ्युएल सेलवरच्या गाडीत प्लॅटिनम-कोबाल्ट वापरलं, म्हणजे असे मिश्रधातू रस्त्यावर आलेत. पण नेमका आकार दिलेले कण हजारो तास टिकवणं हे काम अजून बाकी आहे.